ढोकरीचा नेम

काटेपूर्णा नदी वाशिम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावते. या भागातले ओढे पावसाळ्यात दुथडी भरतात. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पात्रात डोह तेवढे उरतात. पक्षी पाहण्यास हाच काळ उत्तम, कारण मासे थोड्या पाण्यात कोंडलेले असतात. हिवाळी पाहुणा धोबीही अजून काठावर शेपटी हलवीत फिरत असतो.

डोहाकाठी मातकट रंगाची ढोकरी मान आखडून निश्चल उभी असते. एकाएकी मान सुटते आणि चोचीत मासोळी दिसते. यात नवल ते काय, असे मलाही वाटे. मग एकदा पाण्यातील पांढऱ्या गारगोटीवर नेम धरून मी सरळ काठी खुपसली. ती बरीच पलीकडे टेकली! आणि मी तर वर्गात वर्षानुवर्षे वक्रीभवन (नव्या पुस्तकांत अपवर्तन) शिकवतो.

हिशेब करून पाहा. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. आपली नजर लंबाशी ४५° कोन करून पाण्याला भिडली, तर आत तो कोन सुमारे ३२° होतो. पाणी ३० सेंमी खोल असेल, तर सरळ काठी पृष्ठभागावरील त्या बिंदूपासून ३० सेंमी पुढे तळाला टेकते. गारगोटी मात्र १९ सेंमीवरच असते. चूक ११ सेंमीची. ढोकरीची मासोळी याहून लहान असते.

कवड्या खंड्या ही अडचण निम्मी टाळतो. तो हवेत एका जागी फडफडत राहून जवळजवळ सरळ खाली सूर मारतो. लंब दिशेने पाहिल्यास दिशा चुकत नाही; फक्त ३० सेंमी खोलीचा मासा साडेबावीस सेंमीवर भासतो. बगळ्यांना तिरपेच पाहावे लागते. इस्राएलमधील कात्सीर व इंट्रेटर यांनी १९८७ मध्ये समुद्रकाठच्या बगळ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पक्षी वक्रीभवनाची चूक दुरुस्त करूनच चोच मारतो, असे त्यांत दिसले.

पण पाणी गढूळ झाले की ही सारी कसब फुकट. गव्हाच्या शेवटच्या ओलितासाठी डोहात पंप लागतो. पाणी उतरताना दोन दिवस बगळ्यांची चंगळ असते, नंतर तळाचा गाळ ढवळतो आणि काठ ओस पडतो. शेतकऱ्यालाही पाणी हवेच. तेव्हा पंप लागण्यापूर्वी, वारा नसलेल्या सकाळी जा. ढोकरीच्या वीस झेपा मोजा, किती हुकल्या ते लिहा. वारा सुटल्यावर पुन्हा वीस मोजा.