मार्चअखेरचं टिपण

दर वर्षी मार्च संपला की मी एक टिपण लिहिते. घरात किती आलं, किती गेलं, कुठे किती साठलं आणि उद्या पगार थांबला तर किती वर्षं निभेल. चार-पाच पानं होतात. आधी स्वतःपुरतंच लिहायचे; आता दादा-वहिनी आणि ऑफिसातल्या दोघी-तिघी मागून घेऊन वाचतात. 'आर्थिक स्वातंत्र्य' वगैरे भारदस्त नाव मी त्याला दिलेलं नाही, पण विषय तोच. लिहिता लिहिता जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. आजच्या व्याजदरावर उद्याचं घर चालवू नये

मी लिहायला लागले ती बाबांमुळे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत ते होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या पट्ट्यात एकामागून एक कंपन्यांनी व्हीआरएस काढली, तशी त्यांच्याही कंपनीने. १९९९ साली बाबांनी ती घेतली. फंड, ग्रॅच्युइटी आणि कंपनीने वर दिलेले असे मिळून आठेक लाख हातात आले. बाबा हिशेबाला पक्के. बँकेची मुदत ठेव तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास देत होती. म्हणजे वर्षाला ८० हजार, महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. डोंबिवलीतलं घर कर्जातून मोकळं झालेलं, दादा नोकरीला लागलेला, माझं शिक्षण संपत आलेलं. त्या दिवशीच्या दराने गणित चोख होतं.

मग दर उतरायला लागले. पीपीएफचंच बघा: जानेवारी २००० च्या मध्यापर्यंत १२ टक्के, आणि मार्च २००३ मध्ये ८. बँकांच्या ठेवी तर त्याच्याही खाली, साडेपाचापर्यंत आल्या. ठेवीची मुदत संपली की बाबा बँकेत जायचे, नवी पावती घेऊन यायचे आणि जुन्या पावतीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने नवा दर लिहून ठेवायचे. त्याच आठ लाखांचे आता महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडे वर येत होते. दूध, गॅस, लोकलचा पास यातलं काही निम्म्यावर आलं नव्हतं. आईने शिकवण्या सुरू केल्या. बाबा संध्याकाळी एका हार्डवेअरच्या दुकानात वह्या लिहायला जाऊ लागले. नातेवाइकांना आम्ही सांगायचो, घरी वेळ जात नाही म्हणून जातात. सांगून सांगून आम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ती झेरॉक्सची फाइल मी कित्येक वर्षांनी पाहिली. एकाखाली एक उतरत गेलेले आकडे. बाबांना सगळं कळत होतं, पण घरात एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्याकडे कोणाच्या मुलीचं लग्न का मोडलं यावर जेवताना चर्चा व्हायची, पण ठेवींचं व्याज हा विषय पानावर कधी आला नाही. त्यानंतरच्या मार्चमध्ये मी पहिलं टिपण लिहिलं.

२. महिन्याचा खर्च गुणिले बारा म्हणजे वर्षाचा खर्च नव्हे

कोणालाही विचारा, महिन्याचा खर्च फटकन सांगतात. किराणा, दूध, वीज, मेंटेनन्स, बाईचा पगार, मोबाइल. वर्षातून एकदाच येणारे खर्च मात्र कोणाच्या हिशेबात नसतात. माझ्या वहीत त्यांचा वेगळा रकाना आहे: गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, मालमत्ता कर, शाळेची फी आणि नवी पुस्तकं, गावच्या देवळाची वर्गणी, फ्रीजची दुरुस्ती, आणि मे महिन्यातले आहेर. दर वेळी वाटतं, यंदा जरा जास्तच झालं, पुढच्या वर्षी नाही व्हायचं. दर वर्षी होतं. हा रकाना मिळवला की महिन्याचा जो आकडा तोंडपाठ असतो तो चांगलाच फुगतो, आणि पुढचं सगळं गणित या फुगलेल्या आकड्यावर करायचं असतं.

'किरकोळ' हा रकाना मी बंदच केला. त्यात घर मावायचं.

३. पंचवीस पट हा अमेरिकेतला आकडा आहे

या विषयावर दोन लोक बोलायला बसले की तिसऱ्या वाक्याला 'वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट' येतं. हे आलं विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ सालच्या लेखातून. निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षं पुरेल का, हे त्याने तिथले शेअर आणि सरकारी रोखे यांचे जुने आकडे घेऊन तपासलं. काम चोख आहे. पण त्यातली महागाई अमेरिकेची, बाजार अमेरिकेचा आणि माणूस साठीच्या घरातला. आपल्याकडे पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडू म्हणणाऱ्याला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात, आणि बहुतेक वेळा सोबत आईवडीलही असतात.

मी ३ टक्के धरते. महिना ५० हजार खर्च असेल तर वर्षाचे ६ लाख. ४ टक्क्यांनी दीड कोट लागतात, ३ टक्क्यांनी २ कोट. हे ५० लाख म्हणजे माझ्या भित्रेपणाची किंमत असं दादा म्हणतो. म्हणू दे. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. बाबांच्या फाइलमध्ये याच्यासाठी कुठलीही ओळ नव्हती.

४. राहतं घर या बेरजेत धरू नये

आमच्या सोसायटीत सगळेच कोट्यधीश आहेत, असं लिफ्टमधल्या गप्पांवरून वाटतं. शेजारचा फ्लॅट कितीला गेला यावर ज्याची त्याची श्रीमंती ठरते. विकून जायचं कुठे, ते कोणी सांगत नाही.

५. मामा एजंट असला तरी विमा आणि बचत वेगवेगळ्या ठेवाव्यात

प्रत्येक मराठी घरात एक मामा किंवा काका विम्याचं काम करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जेवायला येतो, आणि जाताना कर वाचवायला म्हणून एक सही घेऊन जातो. माझ्याही नावावर अशा एंडोमेंट पॉलिस्या होत्या. एका रविवारी बसून हप्ते आणि शेवटी मिळणारी रक्कम मांडली. परतावा पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि मी गेले तर घरच्यांना मिळणारं संरक्षण वर्षभराच्या खर्चालाही पुरेलसं नव्हतं. आता साधा टर्म विमा आहे आणि बचत वेगळी. मामांना वाईट वाटलं, पण ते श्रीखंड घेऊन अजून येतात. नवी करप्रणाली घेतली तर ८०सी ची वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चमधल्या त्या सहीचं निमित्तही राहिलेलं नाही.

६. ऑफिसचा मेडिक्लेम ऑफिसबरोबर जातो

नोकरी सोडायची भाषा करणाऱ्याने आधी स्वतःचा आरोग्य विमा घ्यावा, आणि तोही तब्येत धड असताना. ज्या वयात नोकरी सुटते त्याच वयात रक्तदाब आणि साखर यांची नोंद झालेली असते. तेव्हा विमा महाग मिळतो, किंवा मिळतच नाही.

७. बाजार पडेल तेव्हा काय करायचं ते आधीच लिहून ठेवावं

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारीत तो ४२ हजारांच्या पलीकडे जाऊन आला होता. टाळेबंदीत घरात बसलेलो, ऑफिसात पगारकपातीची कुजबुज. नवऱ्याने विचारलं, "एसआयपी थांबवायची का?" मी आदल्या वर्षीचं टिपण काढलं. त्यात माझ्याच अक्षरात होतं: 'बाजार तीस-चाळीस टक्के पडला तर काही करायचं नाही. दोन वर्षांचा खर्च ठेवीत आहे, तो बघ आणि झोप.' झोप काही आली नाही, पण एसआयपी चालू राहिली. नोव्हेंबरपर्यंत सेन्सेक्स जुन्या उंचीवर परत आला होता. आला नसता तर मी हा परिच्छेद इतक्या ऐटीत लिहिला असता का, हा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांच्या ठेवी त्यासाठीच आहेत.

८. कागद असला की घरात विषय निघतो

तोंडी सुरू केलं की पैशाच्या बोलण्याचं भांडण होतं. 'तू किती उडवलेस', 'तुझ्या घरच्यांना किती दिले' इथे गाडी येतेच. समोर कागद असला की दोघं कागदाशी भांडतात. कोणत्या खात्याला नॉमिनी नाही, लॉकर कोणाच्या नावावर आहे, मृत्युपत्र करायचं का, या गोष्टी आमच्याकडे टिपणामुळेच निघाल्या. वहिनीने तर स्वतःच्या पगाराचं वेगळं टिपण करायला घेतलं आहे. दादा जरा बिचकून आहे.

९. नोकरी सोडणं हा शेवटचा टप्पा असेलच असं नाही

पुतणीने मागच्या दिवाळीत विचारलं, "आत्या, आकडा पुरा झाला की राजीनामा देणार?"

आकडा पुरा व्हायला अजून वेळ आहे. आणि काम मला आवडतं. ड्रॉइंग तपासण्यात माझा दिवस बरा जातो. पण गेल्या वर्षी कंपनीने दोन वर्षांसाठी चेन्नईला जायला सांगितलं, तेव्हा मी साहेबांना नाही म्हणाले. मुलगी दहावीला, आई एकटी, आणि टिपणाच्या शेवटच्या पानावर नोकरी गेली तरी किती वर्षं निघतील तो आकडा होता. साहेबांना कारणं सांगितली, पण मिनतवारी केली नाही. चेन्नईला दुसरा गेला. माझी पगारवाढ निम्मीच झाली. यंदाच्या जमेच्या बाजूला ती तशीच मांडली आहे.