दम धरून टाकीत उतरू नका

उन्हाळ्यात आपल्या नांदेड-लातूरकडे विहिरी-आडांचा गाळ काढण्याची कामे निघतात. संडासच्या टाक्या तर वर्षभर उपसल्या जातात. ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे वस्तीत कोणाला सांगायला नको. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. आरोग्य बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "गुदमरायला लागलं की माणूस लगेच वर का येत नाही?" त्यासाठी श्वास कसा चालतो ते आधी समजून घेऊ.

श्वास कोण चालवतो?

आनापान करताना आपण श्वासाकडे नुसते पाहतो. न पाहिले, झोप लागली, तरी तो चालूच राहतो. मेंदूच्या खालच्या भागात, मानेच्या वरच्या बाजूला, श्वासाचे केंद्र आहे. तिथून निघालेला आदेश मज्जातंतूंमार्फत छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत, म्हणजे श्वासपटलापर्यंत, जातो. पडदा खाली सरकतो आणि हवा आत येते. निरोगी मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी हे मिनिटाला १२ ते २० वेळा घडते.

किती श्वास घ्यायचा हे केंद्राला दोन ठिकाणचे पहारेकरी कळवतात. पहिले मेंदूतच आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला, तरी ते श्वास वाढवतात. दुसरे मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहेत. ते प्राणवायूवर नजर ठेवतात, पण तो बराच घटल्यावरच जोराने हाक देतात.

इथेच धोका आहे

जीव कासावीस होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. प्राणवायू नसलेल्या हवेतही आपण श्वास सोडत राहतो, तो वायू बाहेर पडत राहतो. म्हणून गुदमरल्यासारखे न वाटताच, दोन-चार श्वासांत शुद्ध हरपू शकते.

टाकीत आणखी एक वैरी असतो, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. आतल्या माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. प्रमाण फार झाले तर हा वायू श्वासाचे केंद्रच बंद पाडतो. मग ओरडायलाही दम उरत नाही.

"दम धरून पटकन काढतो" म्हणत भाऊ किंवा शेजारी मागे उतरतो. पण वजन उचलताना कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो आणि केंद्र श्वास घ्यायला भाग पाडते. तो श्वास त्याच विषारी हवेत घेतला जातो. एकामागोमाग माणसे जातात ती अशी.

काय करावे?

• कोणी आत पडले तर मागे उतरू नका. तोंडाला रुमाल बांधून किंवा साधा मास्क लावून हे वायू अडत नाहीत.
• वरूनच दोर टाका. ११२ वर फोन करून अग्निशमन दल मागवा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.
• काडी किंवा कंदील पेटवून हवा तपासू नका. टाकीतला मिथेन पेट घेतो, आणि ज्योत जळत राहिली तरी विषारी वायू असू शकतो.
• बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत निजवा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका.
• टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्या. त्यासाठी महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे अर्ज द्या.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. पण भरपाईने माणूस परत येत नाही. मुकादमाने कितीही मजुरी देऊ केली तरी, "आधी गाडी आणा, आत उतरणार नाही" असे सांगा. एकट्याला म्हणणे जड जाते, म्हणून वस्तीने मिळून म्हणा.