व्यंगपटातून लोकशिक्षण : राम मोहन यांची ‘मीना’

व्यंगपट हे केवळ बालरंजनाचे साधन नव्हे, हे राम मोहन (१९३१-२०१९) यांच्या कार्यावरून स्पष्ट होते. १९५६ साली ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील व्यंगपट विभागात दाखल झाले. पुढे युनिसेफसाठी त्यांनी ‘मीना’ ही चित्रमालिका साकारली. पहिल्या कथेत शाळेला मुकलेली मीना आपल्या पोपटाकडून अंक शिकते. कोंबड्या मोजताना चोरी उघडकीस येते आणि शाळेचे दार तिला खुले होते. चित्रे तीच ठेवून निरनिराळ्या भाषांत आवाज देण्यात आले, त्यामुळे मीना सर्वत्र घरचीच वाटली.

बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. तेथील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे व्यंगपट मुलांबरोबरच पालकांनाही दाखविणे अगत्याचे होय.