बालदमा : शहरातील आणि खेड्यातील

दमा म्हणजे उतारवयाचा आजार, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः तो बहुधा बालपणीच सुरू होतो. श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहते, धूळ, धूर, थंडी किंवा सर्दी यांचे निमित्त होताच नलिका आकुंचन पावतात आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. हा रोग संसर्गजन्य नाही. पहाटे वारंवार येणारा खोकला व खेळताना लागणारी धाप ही त्याची पहिली लक्षणे होत. मूल ‘नाजूक’ आहे, असे म्हणून नेमकी हीच लक्षणे दुर्लक्षिली जातात.

खानदेशात या रोगाला निमित्ते पुष्कळ आहेत. धुळे शहर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या संगमावर वसलेले आहे. जळगावातूनही सुरत-नागपूर मार्ग गेला असून तेथे डाळ गिरण्यांचा उद्योग मोठा आहे. वाहनांचा धूर, रस्त्यांची धूळ आणि दाट वस्तीतील ओल व झुरळे हे शहरातील मुलांचे शत्रू. खेड्यात हवा शुद्ध असते, हे मात्र अर्धसत्य होय. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताची चव न्यारी. परंतु खिडकी नसलेल्या घरात रोज तीच पऱ्हाटी चुलीत पेटते, तेव्हा मातेच्या कडेवरील बाळ तो धूर श्वासावाटे घेत असते. कापूस वेचणी, मळणी आणि फवारणीच्या दिवसांत त्यात आणखी भर पडते.

निमित्ते भिन्न असली तरी उपचार एकच आहे. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाला आपण ‘पंप’ म्हणतो आणि ‘पंपाची सवय लागते’ म्हणून भितो. येथे थोडे गणित करावे. साल्बुटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. 2 मिलिग्रॅमच्या गोळीत 2000 मायक्रोग्रॅम, म्हणजे वीसपट. फवारा थेट फुप्फुसात पोहोचतो, म्हणून अल्प मात्रा पुरते. मात्र हे औषध तात्पुरता आराम देते. सूज उतरविणारे श्वासावाटेचे स्टिरॉइड वैद्यांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे लागते. बरे वाटताच ते परस्पर बंद करणे, हीच सर्वांत घातक चूक होय.

लहान मुलांसाठी पंपाला ‘स्पेसर’ नावाची नळी जोडावी. ती महाग वाटल्यास निराश होऊ नये. 500 मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली योग्य रीतीने कापून जोडली, तर तीही तितकीच उपयुक्त ठरते, असे दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासाने 1999 मध्ये दाखवून दिले. मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन माशातून औषध घेणारी कुटुंबे आपल्याकडेही आहेत; त्या उपायाला शास्त्रीय आधार नाही.

निवासी शाळेची जबाबदारी विशेष आहे, कारण दम्याचा जोर रात्री वाढतो आणि त्या वेळी आई-वडील जवळ नसतात. पंप कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात नव्हे, तर मुलाच्या उशाशी असावा. झटका आल्यास मुलाला ताठ बसवावे. स्पेसरमधून एकेक करून चार फवारे द्यावेत व प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटांत उतार न पडल्यास तसेच पुन्हा करावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओठ निळसर होणे, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाणे, वाक्य पूर्ण बोलता न येणे, ही धोक्याची चिन्हे दिसताच क्षणभरही थांबू नये. फवारे देत असतानाच रुग्णवाहिका बोलवावी.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत श्वसनमार्गाच्या या विकाराचाही समावेश आहे. तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा मुलाचा रात्रीचा खोकला पालकांनी व शिक्षकांनी आवर्जून सांगावा. विशेषतः मुलींचा दमा विवाहाच्या चिंतेने लपविला जातो. लपविलेला रोग औषधाविना वाढतो. उपचार घेतलेली मुलगी मात्र धावते, शिकते आणि निर्धास्त झोपते. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी एवढी एक गोष्ट जरी समजावून दिली, तरी अनेक घरांतील रात्री सुखाच्या होतील.