लाल विंचू, मण्यार आणि आपली चेतासंस्था

तायांनो, मे-जूनमध्ये आपले हात कुठं कुठं जातात ते आठवा. रानात धसकटं वेचायची, बांधावरचे दगड हलवायचे, पाऊस यायच्या आत जळण अन् गोवऱ्या घरात घ्यायच्या. विंचू निघतो तो ह्याच कामांत. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ त्याच्यापासूनच सुरू करू. पाठ आहे चेतासंस्थेचा. शाळेच्या पुस्तकात तो आहे, पोरांनी चित्र काढून पाठ केलेला असतो. पण विंचवाचं विष नेमकं कुठं जातं हे कळलं, की तो पाठ आपल्याही कामाचा होतो.

आधी एक घोळ मिटवू. आपण 'नस' म्हणतो ते दोन वेगळ्या गोष्टींना. सलाईन लावतात ती रक्ताची शीर. आणि मांडी घालून जास्त वेळ बसलं की जी दबून पायाला मुंग्या येतात, ती चेता. चेतेतून रक्त वाहत नाही, संदेश जातात. डोक्यात मेंदू, मणक्यांच्या आतून खाली उतरणारा मेरुरज्जू, आणि या दोघांतून फुटून अंगभर पसरलेल्या चेता, अशी ही सगळी संस्था. मेंदूतून चेतांच्या 12 जोड्या निघतात, मेरुरज्जूतून 31.

भाकरी टाकताना तव्याला बोट लागलं तर हात आधी मागं येतो, 'आई गं' नंतर निघतं. कारण तो संदेश मेंदूपर्यंत जायची वाट बघत नाही, मेरुरज्जूतूनच माघारी फिरतो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

आता आजच्या विषयाचा भाग. हात उचलायचा, चालायचं, बोलायचं, हे आपण ठरवतो. पण छातीचे ठोके, घाम, तोंडाला सुटणारं पाणी, रक्ताचा दाब हे कोण ठरवतं? आपण झोपलो तरी चालूच असतं. ते सांभाळणाऱ्या भागाला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन हात आहेत. कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, तो एका हाताचा खेळ. धोका टळल्यावर सगळं पुन्हा थंड करतो तो दुसरा हात.

संदेश जातो कसा? चेतापेशीच्या अंगाला अगदी बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठातला सोडियम आत शिरतो, संदेश पुढं सरकतो आणि दार लगेच बंद होतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्याही आत. लाल विंचवाचं विष नेमकं इथं घात करतं. ते दार नीट बंदच होऊ देत नाही. मग संदेश थांबत नाहीत, एकामागून एक सुटतच राहतात. कुत्रं अंगावर आल्यासारखी अवस्था, पण न थांबणारी. रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, हृदय त्या दाबापुढं दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस जातो तो त्यानं.

हे नीट उलगडून दाखवलं ते आपल्याच मराठवाड्यातल्या एका डॉक्टरनं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथं विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान लेकरं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून काय काय होतं ते टिपून ठेवलं. 1982 मध्ये ते 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीनं होत्या, हेही लक्षात असू द्या. 2022 मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

या टिपणांतली एक गोष्ट आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. आपल्याकडं म्हणतात, 'दुखणं थांबलं, विंचू उतरला.' ज्याला नुसतं जागेवर भयंकर दुखतंय, बाकी काही नाही, तो बहुतेक वेळा बरा होतो. मंत्र घातला तरी, न घातला तरी. पण ज्याला फार दुखत नाही आणि दरदरून घाम सुटलाय, उलट्या होताहेत, तोंडाला लाळ येतीय, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, त्याच्या स्वायत्त चेतासंस्थेवर विष चढलंय. मुलगा असेल तर लघवीची जागा ताठ होते; लाजू नका, डॉक्टरला सांगा, ती महत्त्वाची खूण आहे. अशा वेळी लेकरू शांत पडलं म्हणून घरी बसलात तर वेळ हातची गेली. मोठ्या काळ्या विंचवापेक्षा हा लहान लाल विंचू जास्त घातक, आणि लेकराला जास्त.

करायचं काय? बांधू नका, चिरू नका. हाताला असेल तर बांगड्या-अंगठी काढा. 108 लावा किंवा मिळेल ती गाडी करा आणि दवाखाना गाठा. प्राझोसिन घरी आणून ठेवायची गोळी नाही. तिनं दाब खाली येतो, म्हणून ती देऊन पेशंटला आडवं ठेवावं लागतं, दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. लाल विंचू होता का, किती वाजता चावला, एवढं मात्र डॉक्टरला सांगा.

मण्यार याच्या बरोबर उलटं करते. विंचवानं संदेश थांबत नाही. मण्यारीनं तो पोचतच नाही. चेता जिथं संपते आणि स्नायू सुरू होतो तिथं एक बारीक फट असते. चेता त्या फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडं पोचलं की स्नायू हलतो. मण्यारीचं विष ही देवाणघेवाणच बंद पाडतं. तिचं पान लागलेलं बऱ्याचदा कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटं पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटं पोटदुखीनं उठलं आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर ते पित्त समजून सोडा पाजत बसू नका.

अशा माणसाचा मेंदू बहुधा जागा असतो. त्याला आपलं रडणं ऐकू येतं, डोळे मात्र उघडता येत नाहीत. म्हणून हालचाल नाही एवढ्यावरून कुणी 'गेला' म्हणू नये. यंत्रानं श्वास चालू ठेवला तर अशी माणसं उठून बसलेली आहेत. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, तेव्हा साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

खाट असेल तर खाटेवर झोपा. नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा, नुसती लोंबती ठेवू नका. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून घ्या: जवळच्या सरकारी दवाखान्याचा फोन आणि रात्री बारा वाजता गावात कुणाची गाडी निघू शकते ते. फवारणीचं औषधही याच फटीत गडबड करतं, त्याचा पाठ पुढच्या अंकात घेऊ.