निसरड्या रस्त्यावर मोटारसायकल ऐनवेळी कशी थांबवावी



गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे येणाऱ्या रस्त्यांचे रूप पालटते. फडातून निघालेला ट्रॅक्टर डांबरीवर चढताना चाकांना चिकटलेली काळी माती पन्नास-शंभर मीटरपर्यंत सोडत जातो. त्यावर पाचट पडते, कुठे ट्रॉलीतून निसटलेली उसाची कांडी चिरडून रस चिकटलेला असतो, कुठे मळीच्या टँकरची गळती झालेली असते. पहाटेचे दव पडले की हे सगळे मिळून साबण लावल्यासारखे होते. आणि नेमके त्याच वेळी आपण दुधाचे कॅन अडकवून डेअरीला, नाहीतर टोळी आली का बघायला फडाकडे निघालेलो असतो.

मागच्या हंगामात आमच्यापैकीच एकजण असा घसरला. वेग काही फार नव्हता. पुढच्या ट्रॉलीने अचानक थांबवले, याने घाबरून दोन्ही ब्रेक एकदम आवळले, गाडी आडवी झाली आणि घसरत ट्रॉलीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. गळपट्टीचे हाड मोडले, एवढ्यावर निभावले. मागे मंडळी बसलेल्या होत्या, त्यांना खरचटले. नंतर आम्ही बसून विचार केला, की हाताने चूक काय केली? त्यातून हा पाठ लिहायला घेतला.

आधी हिशेब बघू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर तर नुसती बघण्यातच गेली. पुढे कोरड्या चांगल्या डांबरीवर नीट ब्रेक लावला तर ९ मीटरात गाडी थांबते, ओल्या डांबरीवर १६ मीटर लागतात, आणि चिखलाच्या थरावर ३० मीटरांच्या वर. गुंठ्याची एक बाजू तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर धरा. कोरड्यात दोन गुंठ्यांत थांबणारी गाडी चिखलात चार गुंठे खाते. वेग ६० केला तर नुसता ब्रेकचा पल्ला दुप्पट नव्हे, सव्वादोन पट होतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे चिकटून चालणाऱ्याला कसलीही युक्ती वाचवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता ब्रेकचे. आपल्याकडे जुन्या माणसांची एक ठाम समजूत आहे, "पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील." फटफटीच्या काळापासून ही शिकवण चालत आली आणि त्यामुळे कित्येकांचा उजवा हात ब्रेकवर जातच नाही. उतारावर भरलेली बैलगाडी थांबवताना सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, हे तुम्ही रोज बघता. मोटारसायकलचेही तसेच. थांबवताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक रस्त्याला धरत नाही, म्हणून नुसता पाय दाबला की ते लगेच जाम होते आणि शेपूट हलवत बाजूला निघते. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. निसरड्यावर एवढा भार पुढे येत नाही, म्हणून तिथे मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो. पण पुढचा सोडून चालत नाही.

खरी गोष्ट अशी, की फिरणारे चाक रस्त्याला धरते, जाम झालेले चाक घसरते. पुढचे चाक जाम झाले की हँडल ऐकत नाही आणि माणूस क्षणात खाली जातो. तेव्हा सगळी कला चाक जाम न होऊ देण्यात आहे.

ऐनवेळी असे करावे. पहिल्यांदा गाडी सरळ करा; तिरकी असताना निसरड्यावर ब्रेक म्हणजे पडणेच. ॲक्सिलेटर बंद करा. पुढचा ब्रेक एकदम आवळू नका, धार काढताना बोटे जशी हळूहळू आवळतो तसा दाब वाढवत न्या: आधी थोडा, भार पुढे आला की आणखी. बरोबरीने मागचा हलका ठेवा. चिखलात गिअर खटाखट खाली पाडून क्लच झटक्याने सोडला तर इंजिनच मागचे चाक जाम करते, हे अनेकांना ठाऊक नसते. वेग अगदी कमी झाला की मगच क्लच दाबा. नजर ट्रॉलीवर खिळवू नका, मोकळ्या जागेकडे ठेवा. माणूस जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते.

पुढचे चाक घसरतेय असे वाटले की त्याच क्षणी ब्रेक सैल करा आणि पुन्हा हळू धरा. मागचे चाक जाम झाले आणि गाडी सरळ असेल तर पाय उचला. पण शेपूट फार बाजूला गेली असेल तर पाय झटकन उचलू नका. चाक एकदम पकड घेते आणि गाडी माणसाला उलट्या बाजूला फेकते. हे पडणे साध्या पडण्यापेक्षा वाईट.

नव्या गाड्यांचे थोडे वेगळे आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोड ब्रेक सक्तीचा झाला. एबीएस असेल तर ब्रेक दाबून धरा, हाताला थरथर जाणवली म्हणून सोडू नका; ते यंत्र आपले काम करत असते. मात्र पुष्कळ गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असते, मागचे तुमच्या पायावरच. जोड ब्रेकमध्ये पाय दाबला की पुढचाही थोडा लागतो, तरी हाताचा ब्रेक वेगळा लावावाच लागतो. एबीएस म्हणजे जादू नव्हे. चिखलावर पल्ला लांबच राहतो.

काही आपल्याच सवयी नडतात. चेनला जळकं ऑइल ओतायचं आणि ते उडून मागच्या टायरवर बसायचं, हे बंद करा. ओढ्यातून गाडी काढली की ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरते आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागतच नाही. पाण्याबाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून सावकाश चालवा, लायनर वाळतो. गुळगुळीत टायर पाणी बाजूला सारत नाही. आणि पहिल्या पावसाच्या सरीत रस्ता सगळ्यांत वाईट असतो, कारण महिनोन्‌महिन्यांचे तेल आणि धूळ तेव्हा वर येते. जोराचा पाऊस तासभर पडून गेला की उलट बरा होतो.

कॅन लावलेले असतील तर दोन्ही बाजूंना सारखे हवेत. अर्धा भरलेला कॅन हिंदकळतो, तेव्हा नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. हेल्मेटचे काय सांगायचे! कायद्याने चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही ते लागते. आपल्याकडे ते आरशाला टांगलेले असते.

वाचून हात बसत नाही. खळ्यावर किंवा मोकळ्या पटांगणात चुन्याची रेघ मारा, ताशी २० च्या वेगाने या आणि रेघेवर नुसत्या पुढच्या ब्रेकने थांबायला शिका. पावले टाकून अंतर मोजा. मग दोन्ही ब्रेकने, मग ३० च्या वेगाने. ते जमले की दोन घागरी पाणी ओतून पुन्हा २० पासून सुरुवात करा. घरातल्या कॉलेजच्या पोरांना बरोबर घ्या, आणि मुलींनाही. सध्या स्कूटर जास्त त्याच चालवतात.