शेजारच्या गावाला हात देण्यासाठी अनुदान

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या गावाचा व्यसनप्रतिबंध गट 7 वर्षांपासून काम करतो. केंद्राचे 'ड्रग-फ्री कम्युनिटीज'चे अनुदानही चालू आहे. शेजारच्या गावाला असा गट उभारायचा आहे. त्यांना शिकवण्यासाठी पैसे मिळतात का?

उत्तर : मिळतात, आणि अर्ज तुम्हीच करायचा आहे. 1997च्या मूळ कायद्यात 2001मध्ये मार्गदर्शनासाठी वेगळ्या अनुदानाची भर पडली. गट किमान 5 वर्षे जुना हवा आणि कामाचा मोजता येईल असा परिणाम दिसायला हवा. रक्कम वर्षाला कमाल 75,000 डॉलर. तेवढाच वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली जागा हेही त्यात धरतात. तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

उद्देश एकच : शेजारचा गट स्वतःच्या पायावर उभा राहून मूळ अनुदानासाठी अर्ज करू शकला पाहिजे. त्यासाठी विद्यार्थी, पालक, शाळा, पोलीस, डॉक्टर, धर्मसंस्था, व्यापारी, माध्यमे अशा 12 घटकांचे प्रतिनिधी लागतात. बहुतेकांची धावपळ इथेच होते. तुमचाच आराखडा त्यांच्या हाती देऊ नका. तुमच्याकडे मुलांमध्ये व्हेपिंग वाढले असेल, त्यांच्याकडे घरातल्या औषधांच्या गोळ्या. आधी त्यांच्या शाळांत सर्वेक्षण होऊ द्या, आणि पहिल्या बैठकीला तिथली मुले बोलवा.